दाराबाहेरचा बाक

१२ जानेवारी

प्रिय ठकू,

आशीर्वाद नेहमीचेच, पण या खेपेला हात जरा बिचकत वर करतोय. विश्वस्त बाईंना आशीर्वाद द्यायची आमची काय टाप!

तुझं पत्र बेकरीवालीच्या दुकानात उघडलं आणि तिथेच मोठ्याने वाचून दाखवलं. फोनवर सांगितलं असतंस तर निम्मं ऐकूच आलं नसतं. फोन कानाला लावला की माझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं. कागद बरा. 'पाणथळ जागांच्या संवर्धन संस्थेवर विश्वस्त' एवढं वाचलं तशी बेकरीवालीने हातातला पाव खाली ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे बांध आता घरचाच झाला की!" बोटवाल्याने मात्र नेहमीप्रमाणे नाक मुरडलं. त्याला आपल्या सासऱ्याच्या बोटीखेरीज जगात कशाचंच कौतुक नाही.

लहानपणी बगळ्याला पांढरा कावळा म्हणणारी मुलगी पक्ष्यांच्या संस्थेवर गेली, हे अण्णांनी पाहायला हवं होतं. जन्मभर त्यांनी त्या बांधाच्या झडपा सांभाळल्या. भरतीला बंद, ओहोटीला उघड्या. जेवता जेवता हात धुऊन पळायचे, आठवतं? पंपांच्या जळक्या मोटारी तारेने गुंडाळणाऱ्या मुलापेक्षा त्यांना भूगोलवाली मुलगी जवळची होती. मी मनाला लावून घेतलं नाही. म्हणजे, फार नाही.

आता कामाचं. मागच्या वादळात बांधाला भगदाड पडलं, ते अजून वाळूच्या पोत्यांनीच बुजवलेलं आहे. बांध आणि पलीकडचं भरतीच्या पाण्याचं खाजण संस्थेचं, अलीकडची सहा घरं आमची. संस्थेने कोपऱ्यावर नोटीस लावलीय की 'बांधाची दुरुस्ती किंवा अन्य पर्याय' यावर मंडळ विचार करणार आहे, रहिवाशांनी हरकती मार्चअखेर कळवाव्यात. अन्य पर्याय म्हणजे काय, यावर इथे बरीच डोकेफोड चालली होती. तुझं पत्र आलं आणि ती थांबली. तू आत आहेस म्हटल्यावर आम्हाला कसली काळजी?

तुझी वहिनी म्हणते, आता तरी नीट जेवत जा, मंडळावरची माणसं भरदार दिसतात.

तुझा,
दादा


३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. टिंगल पोचली, आशीर्वादही त्यातून निवडून घेतले.

पहिली बैठक झाली. मी समजत होते संगमरवरी हॉल वगैरे असेल. निघाली एका जुन्या शाळेची प्रयोगशाळा. टेबलांना अजून गॅसच्या नळ्यांची भोकं आहेत आणि त्यात कुणी कुणी पेन्सिली खोचून ठेवतात. अध्यक्षबाई म्हणजे एके काळच्या डोळ्यांच्या डॉक्टर. समोरच्याकडे अशा बघतात की वाटावं, आता खालची ओळ वाचायला सांगणार. एक वकील आहेत, ते प्रत्येक वाक्याआधी "माफ करा" म्हणतात आणि कुणालाच माफ करत नाहीत. आणि एक पक्षीतज्ज्ञ, जे माणसांशी बोलताना खिडकीबाहेर बघतात. माणसं चांगली आहेत, दादा. पगार ना मानधन, सगळे आपला रविवार घालवून येतात.

इथे दोन नियम पहिल्याच दिवशी सांगतात. एक, खोलीतलं बोलणं खोलीत. निर्णय जाहीर होईपर्यंत घरच्यांनाही सांगायचं नाही. दुसरा, आपलं किंवा आपल्या नात्यातलं कुणाचं हित संस्थेच्या कामात गुंतलेलं असेल तर ते आधीच लिहून द्यायचं. मी लिहून दिलं, 'सख्ख्या भावाचं घर बांधाच्या पायथ्याशी.' वकिलांनी वाचलं आणि म्हणाले, "माफ करा, पण इतकं सरळ फार थोडे लिहितात." मी खूश झाले. शाळेत इतकी वर्षं मुलांना हेच शिकवलं ना, विचारायच्या आत खरं सांगावं.

दादा, त्या हरकतींचं मनावर घ्या. सहाही घरांनी वेगवेगळं लिहा. मी आत आहे म्हणून तुम्ही गप्प बसू नका. माझा आवाज तिथे एकाच माणसाचा आहे, आणि तोही नवा.

वहिनीचे गुडघे काय म्हणतायत?

तुझी,
ठकू


२३ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

आपलं घर त्यांच्या दप्तरात चढलं, हे फार चांगलं केलंस. आता कुणी आपल्याला डावलून काही करणार नाही. बेकरीवालीला सांगितलं तर ती म्हणाली, "माझंही घर चढवून घ्या म्हणावं." मी म्हटलं, बघू, तिला फार गळ घालायची नाही.

हरकतींचं म्हणशील तर तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. लहानपणी शर्यतीत पहिली आलीस तरी म्हणायचीस, बाकीचे पडले म्हणून. आम्ही सहा घरांनी आमच्याच मुलीच्या मंडळाला हरकती पाठवायच्या? लोक म्हणतील, सख्ख्या भावाचाच बहिणीवर विश्वास नाही. बोटवाल्याने एक लांबलचक अर्ज लिहिला होता, चांगला तिखट. बाकीचेही त्यावर सह्या करायला निघाले होते. मी त्याच्या घरी गेलो आणि म्हटलं, हे तू संस्थेच्या तोंडावर मारत नाहीयेस, ठकूच्या तोंडावर मारतोयस. तो तासभर भांडला. शेवटी कागद फाडून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तुमच्या शब्दावर." कधी नव्हे तो माझं ऐकता झाला!

वहिनीचे गुडघे कुरकुरतात. जिन्यावरून उतरताना तिच्याआधी ते ऐकू येतात, म्हणजे मलासुद्धा.

तुझा,
दादा


१७ एप्रिल

प्रिय दादा,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला. लिहायला बसत होते आणि उठत होते.

मोठी बैठक रविवारी झाली. तिच्याबद्दल काही लिहिता येत नाही. पॅसेजमध्ये एक फ्रीझर आहे, मेलेले पक्षी अभ्यासासाठी त्यात ठेवतात. त्याच्या शेजारी लाकडी बाक आहे. फ्रीझर इतका घरघरतो की दाराला कान लावला तरी आतलं काही ऐकू येत नाही. एकसारखं घर्रर्र, मधेच खट्, पुन्हा घर्रर्र. डोकं उठलं माझं. तुझी आठवण आली, तू असतास तर मागचं झाकण उघडून बसला असतास.

एक मागणं आहे. आईचं शिवणयंत्र आणि तिची लोखंडी पेटी माझ्याकडे पाठवशील? अण्णांचा कंदीलही. मला हे सगळं इथे हवं आहे. आणि आमच्या इमारतीत तळमजल्यावरची जागा रिकामी झाली आहे, जिना नाही. वहिनीच्या गुडघ्यांना बरं. तुम्ही दोघं येऊन बघून तरी जा. नुसतं बघायला काय हरकत आहे?

जेवढं कळवता येतं तेवढं कळवलं.

ठकू


२ मे

ठकू,

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर ती उठली, आईच्या पेटीवरची चादर काढली, धुतली, वाळत घातली. मग म्हणाली, "मागायचं होतं तर आई गेल्या तेव्हाच मागायचं."

इतक्या वर्षांनी वाटणी? आणि तीही अशी आडून? आज यंत्र, उद्या पेटी, आणि मग आम्ही दोघंच उचलून तळमजल्यावर, म्हणजे मागे घर मोकळं. तुला घर हवंय का? तोंडाने सांग. तू मागितलंस आणि मी नाही म्हटलं असं कधी झालंय? मंडळावर बसलं की माणूस फिरवून बोलायला शिकतो असं बोटवाला म्हणत होता. मी त्याच्यावर ओरडलो. आता वाटतं उगीच ओरडलो.

फ्रीझरचं सांगतो, कारण ते बिचारं मशीन आहे, त्याच्यावर माझा राग नाही. घर्रर्र आणि मधेच खट् म्हणजे कॉम्प्रेसर नव्हे. मागे छोटा पंखा असतो, त्याच्या दांड्याभोवतीची कडी, बुश, सुकलीय. वायर काढून जाळी उघडायची, दांड्याच्या मुळाशी शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब सोडायचे, हाताने पातं फिरवायचं. कुणालाही जमेल.

पण मला एक सांग, मोठी बैठक चालू असताना तू पॅसेजमध्ये काय करत होतीस? तुला चहा करायला ठेवतात की काय? तसं असेल तर मी स्वतः येऊन त्या डॉक्टरीणबाईंना विचारतो.

इथे सगळे निश्चिंत आहेत. मुदत संपली, एकही हरकत गेली नाही. मी बाहेरच्या खोलीतली जमीन उकरून काढलीय. मोटारींच्या वार्निशने काळी झालेली ती जुनी फरशी नको झाली होती. नवीन घालतोय. आता उरलेलं आयुष्य इथेच काढायचं, तर पायाखाली तरी चांगलं असू दे.

दादा


८ मे

दादा,

फरशी घालू नकोस. थांब. पावसाळा जाऊ दे, निदान एक महिना थांब. का, ते विचारू नकोस. मला सांगता येत नाही आणि खोटंही बोलता येत नाही.

मला घर नको. आईची शपथ, नको. चहा मी करत नाही.

वहिनीला सांग, चादर धुतली हे वाचून मी दिवसभर रडले.

ठकू


२९ मे

माननीय विश्वस्त महोदया यांस,

आपले आदेश पोचले. यंत्र, पेटी व कंदील आज पार्सलच्या गाडीने रवाना केले आहेत. कंदिलाची काच वहिनीने जुन्या साड्यांत गुंडाळली आहे. साड्या परत करण्याची आवश्यकता नाही.

फरशी आपल्या पत्राआधीच येऊन पडली होती, ती बसवून झाली. मी घर सुधारलं की माझा हक्क वाढेल अशी आपल्याला भीती वाटत असल्यास, कुणा वकिलाला विचारून घ्यावे. आपल्या मंडळावर एक आहेतच.

फरशी पांढरी आहे. फार छान दिसते. हे सांगायला दुसरं कुणी नाही म्हणून आपल्याला सांगतो.

आपला,
बांधाच्या पायथ्याशी राहणारा एक रहिवासी


२२ जून

प्रिय दादा,

काल निर्णय जाहीर झाला. तुझ्या कोपऱ्यावर नोटीस लागली असेल, तू ती वाचली असशील. आता माझं तोंड मोकळं झालंय, आणि आता उघडून उपयोग काय? तरी सगळं लिहिते. राग आला तर कागद फाड, पण आधी वाच.

बांध दुरुस्त होणार नाही. पुढच्या वर्षीच्या उधाणाआधी पोती काढतील आणि पाणी आत येऊ देतील. सहा घरांना सरकार आत वर, रस्त्यापलीकडे जागा देणार आहे. हे एप्रिलमध्येच ठरलं. तेव्हापासून मी हे गिळून बसले होते.

पॅसेजमध्ये का होते, ते सांगते. ज्याचं हित गुंतलेलं, त्याने त्या विषयापुरतं खोलीबाहेर जायचं असा नियम. बांधाचा विषय निघाला आणि वकील म्हणाले, "माफ करा, आपण स्वतःच लिहून दिलं आहे." मी पर्स घेतली आणि उठले. माझ्यामागे दार लावलं. मी त्या बाकावर बसले. माझ्या जन्माची जागा, तुझं घर, अण्णांच्या झडपा, सगळं त्या दाराच्या आत ठरत होतं आणि मला फक्त फ्रीझर ऐकू येत होता.

दार उघडलं तेव्हा अध्यक्षबाई स्वतः बाहेर आल्या. हात दोन्ही बाजूंना सारखेच उठले होते. मग बरोबरी मोडायला त्यांचं जादा मत. माझ्याशेजारी बसून त्या म्हणाल्या, "मी पोती काढायच्या बाजूने गेले. तिथे राहणाऱ्यांपैकी एकानेही हरकत घेतली नाही. एक जरी कागद आला असता, तरी माझा हात उठला नसता." मी त्यांना काय सांगणार होते? की माझ्या भावाने माझ्या प्रेमापोटी सगळ्यांची तोंडं बंद केली?

म्हणून पेटी मागितली, म्हणून यंत्र मागितलं. दुसरं काही सुचलं नाही. मला वाटलं, निदान आईच्या वस्तू खाऱ्या पाण्यातून निघतील. तू वाटणी समजलास. समजणारच, माझ्या पत्रात दुसरं समजण्यासारखं होतं तरी काय? आणि फरशीचं वाचलं तेव्हा मी फोन उचलला होता. नंबरही लावला. तू दोनदा "कोण, कोण" म्हणालास, तुझं कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं आणि मी फोन ठेवला.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते तुला सांगते. लोक म्हणतील, बाई खोलीत असत्या तर बांध वाचला असता. मी कागदपत्रं सगळी वाचली होती, दादा. समुद्र दर वर्षी वर चढतोय. बांध आहे तिथेच उभा, त्यामुळे मधलं खाजण चिरडलं जातंय, खारफुटीला मागे सरकायला जागा नाही. तुतवार पक्ष्यांचे थवे आपण मोजायचा प्रयत्न करायचो आणि हरायचो, ते आता एका खिडकीतून दिसतील एवढेच उतरतात. आणि बांध नवा केला तरी तो फार टिकणार नाही. एखाद्या रात्री झोपेत फुटेल. हे खरं आहे. मी भूगोल शिकवलाय, मला खरं ओळखता येतं.

मग माझा हात कुठल्या बाजूला गेला असता? मला माहीत नाही. त्या बाकावर बसले तेव्हा आधी अपमान वाटला, मग काळजी, आणि मग एक क्षण, दादा, मला सुटल्यासारखं वाटलं. हात वर करायचा नव्हता. त्या एका क्षणाची मला इतकी लाज वाटते की तुझ्या दारात येऊन उभं राहायचं धैर्य होत नाही.

फ्रीझरच्या पंख्यात तेल घातलं, तू सांगितलंस तसं. आईच्याच यंत्राच्या खणात तेलाची बाटली होती. आवाज थांबला. मंडळावर गेल्यापासून माझ्या हातून झालेलं हे एकच काम.

राजीनामा लिहून ठेवलाय.

तुझी,
ठकू


१५ जुलै

ठकू,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा चष्मा लावून. तिसऱ्यांदा वहिनीने वाचून दाखवलं, माझ्या बऱ्या कानाशी.

सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला नको होतंस. ते मला अजून गिळता येत नाही. खोटं कशाला बोलू? पण तू लिहिलं नसतंस तर मी तुला जन्मभर बिचारी समजलो असतो, आणि बिचारी म्हटलेलं तुला कधी आवडलं नाही.

नोटीस लागली त्या दिवशी मी सकाळीच वाचली. मग बोटवाल्याकडे गेलो. जायलाच हवं होतं. त्याने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिवीसुद्धा दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "तुमच्या शब्दावर." बेकरीवाली पाव देते, सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवते. म्हणजे बघ, तू दाराबाहेर बसून राहिलीस आणि मी दाराआत सगळ्यांना बसवून ठेवलं. दोघांनी आपापल्या परीने चांगुलपणाच केला.

परवा पाण्याची खूण करणारे आले होते. जिथपर्यंत भरती येईल तिथे तांबड्या खुंट्या ठोकत होते. एक नेमकी बाहेरच्या खोलीच्या दाराशी आली. त्यांच्यातला एक नवी फरशी बघून म्हणाला, "काका, थोडं सरकवू का?" मी म्हटलं, खुंटी सरकवून पाणी सरकतं का? हातोडी मागून घेतली आणि मीच ठोकली. वहिनीने त्यानंतरही फरशी पुसली. रोज पुसते. 

मी अण्णांच्या झडपांपर्यंत चालत गेलो. त्या आता अर्ध्या गंजलेल्या आहेत. ओहोटी होती, चिखलावर तुझे तुतवार होते, थोडेच. मी मोजले, या वेळी हरलो नाही. म्हणजे तुझं म्हणणं खरं आहे हे मला दिसलं. खरं असलं म्हणून गोड लागत नाही.

राजीनामा फाडून टाक. तू गेलीस तर तिथे इथला चिखल पायाला लागलेलं कुणीच उरणार नाही. पुढचं तरी विचारत राहा. जागा कधी, कशी, बोट कुठे बांधायची, मोटारींचं दुकान कुठे.

आता येत्या रविवारचं. सहा घरांची बैठक आहे, कोणी कुठली जागा मागायची ते ठरवायला. आमच्याकडेच, बाहेरच्या खोलीत, कारण सगळे मावतील एवढी जमीन तिथेच आहे आणि फरशीचा काहीतरी उपयोग व्हावा. मी म्हटलं ठकूला बोलावतो. बोटवाला इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलला. म्हणाला, "तिला नको. त्यांच्याच नियमाने तिचं हित गुंतलेलं आहे."

मी म्हटलं, म्हणूनच बोलावतोय.

सकाळच्या गाडीने ये. यंत्राच्या खणातली तेलाची बाटली घेऊन ये, वहिनीला दाराच्या बिजागऱ्यांना हवी आहे. दाराशी खुंटी आहे, अडखळशील, जपून पाय टाक. आणि थेट आत येऊन बस. या घरात बाहेर बाक ठेवलेला नाही.

दादा